मुलांचा भागाकार : घरातील वडीलधाऱ्या मंडळींशी थोडे बोलणे

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात सांगली येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वार्षिक मेळाव्यात कोणा विद्वान गृहस्थाचे व्याख्यान व्हावे असा आपल्या मंडळाचा प्रघात आहे. यंदा कार्यवाहांनी तो मोडला आणि मजसारख्या मॅट्रिक झालेल्या, सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षकास येथे उभे केले. सातारा जिल्ह्यातील खेड्यापाड्यांच्या शाळांतून चौतीस वर्षे मी खडू झिजविला. हल्ली सांगलीस मुलाकडे असतो. व्याख्यानाचा विषय कोणता, असे कार्यवाहांनी विचारले तेव्हा मी ‘भागाकार’ असे उत्तर दिले. ते जरा घुटमळले. निमंत्रणपत्रिकेवर ‘भागाकार’ हा शब्द छापणे त्यांना प्रशस्त वाटेना. म्हणून त्यांनी ‘बालशिक्षणातील काही प्रश्न’ असे भारदस्त नाव छापले. आपण ते नाव वाचून आला असाल, तर आपली थोडी फसगत झाली आहे हे आरंभीच सांगून टाकतो. मी केवळ भागाकाराविषयीच बोलणार आहे.

हा विषय निवडण्यास कारण आहे. मघाशी याच व्यासपीठावर आपण गुणवंत विद्यार्थ्यांचा गौरव केला. नव्वद टक्क्यांच्या वरची मुले पुढे आली, त्यांच्या गळ्यात हार पडले, आईबापांच्या डोळ्यांत पाणी आले. ते योग्यच झाले. परंतु त्याच वेळी मागच्या सतरंजीवर बसलेली चौथी-पाचवीची मुले मी पाहत होतो. त्यांतील किती जणांची गाडी भागाकाराशी येऊन थांबली आहे, याची नोंद आपल्या कोणत्याही अहवालात नाही. ही मुले रडत नाहीत, तक्रार करीत नाहीत. शेजारच्या वहीतून उत्तर उतरवून घेतात आणि वरच्या वर्गात जातात. पुढे अपूर्णांक येतात, दशांश येतात, शेकडेवारी येते, सातवी-आठवीत बीजगणित येते. या सगळ्यांचा पाया भागाकारावर आहे. पाया कच्चा राहिलेले मूल नववीत आपण होऊनच सांगू लागते की, मला गणित जमत नाही. मग घरचे लोकही तेच म्हणू लागतात.

हे माझ्या मनाचे खेळ नाहीत. ‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने २००५ सालापासून देशातील ग्रामीण भागात घरोघरी जाऊन मुलांच्या वाचनाची व अंकगणिताची पाहणी होत असते. तिला ‘असर’ असे नाव आहे. त्या पाहणीत तीन अंकी संख्येस एक अंकी संख्येने भागणे, ही अंकगणितातली सर्वांत वरची पायरी धरली आहे. २०२४ च्या पाहणीत पाचवीतील शंभर मुलांपैकी सुमारे एकतीस मुलांना हा भागाकार करता आला, आणि आठवीतील शंभरांपैकी सुमारे सेहेचाळिसांना. म्हणजे प्राथमिक शिक्षण संपवून माध्यमिक शाळेच्या दारात उभ्या असलेल्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांना तीन आकड्यांना एका आकड्याने भागता येत नाही. आपल्या ज्ञातीची मुले याहून फार निराळी असतील असे मानावयास मला आधार दिसत नाही.

आता मूळ विषयाकडे वळतो.

बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार या तिन्ही क्रिया मूल उजवीकडून, म्हणजे एककापासून सुरू करते. भागाकार मात्र डावीकडून सुरू होतो. वर्षानुवर्षे उजवीकडून चालावयास शिकविलेल्या मुलास आपण एके दिवशी अचानक सांगतो की, आता डावीकडून चाल. आणि का, ते सांगत नाही. शिवाय या एकाच क्रियेत बाकीच्या सर्व क्रिया येऊन बसल्या आहेत. किती वेळा भाग जाईल याचा अंदाज घ्यावयाचा, गुणावयाचे, वजा करावयाचे, पुढचा आकडा खाली उतरवावयाचा, आणि पुन्हा पहिल्यापासून तेच. यांतील एका ठिकाणी पाऊल चुकले की पुढचे सगळे चुकते. मुलास भागाकार येत नाही असे आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा त्यास यांतील एकच गोष्ट येत नसते. ती कोणती, हे शोधणे हेच शिकविणाराचे काम होय.

डावीकडून का, हे समजावून देण्यास नोटांसारखे साधन नाही. समजा, चार भावंडांत ९३२ रुपये सारखे वाटावयाचे आहेत. शंभराच्या नऊ नोटा, दहाच्या तीन आणि दोन सुटे रुपये मुलांपुढे ठेवा. कोणतेही मूल प्रथम मोठ्या नोटांनाच हात घालते. त्यास सांगावे लागत नाही. प्रत्येकास शंभराच्या दोन नोटा मिळाल्या, एक उरली. ती चौघांत कशी वाटावी? फाडावयाची तर नाही. तिची मोड करावयाची. दहाच्या दहा नोटा आल्या, जवळच्या तीन मिळून तेरा झाल्या. प्रत्येकास तीन, पुन्हा एक उरली. तिचीही मोड केली, दहा रुपये आणि हातचे दोन मिळून बारा, प्रत्येकास तीन. उत्तर २३३. आता पाटीवर हेच उदाहरण मांडून दाखवा. ‘तीन खाली उतरविला’ असे आपण म्हणतो त्या वेळी खरे पाहता शंभराच्या नोटेची मोड करून तीत तीन नोटा मिळविलेल्या असतात. आकडा खाली उतरविण्याचा हा अर्थ ज्या मुलाच्या ध्यानात आला, ते मूल आकडा उतरविण्यास विसरत नाही. आमच्या शाळेत खऱ्या नोटा कोठून असणार! पोस्टकार्डाचे तुकडे कापून त्यांवर १००, १० आणि १ असे आकडे घातले की काम भागत असे.

आपल्या वाडवडिलांना हा अर्थ फार चांगला ठाऊक होता, कारण त्यांचा रुपया सोळा आण्यांचा आणि आणा बारा पैंचा होता. सात रुपये चौघांत वाटावयाचे तर प्रत्येकास एक रुपया देऊन उरलेल्या तीन रुपयांचे अठ्ठेचाळीस आणे करावे लागत, आणि मग प्रत्येकाच्या वाट्यास बारा आणे येत. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि हा खटाटोप संपला. हिशेब सोपा झाला हे खरेच. पण बाकीची मोड करावयाची असते हे जे ज्ञान बाजारात फुकट मिळत होते, ते मात्र आता पाटीवर मुद्दाम द्यावे लागते.

भागाकार ही काही साहेबाने आणलेली विद्या नव्हे. सह्याद्रीच्या परिसरात राहून भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये ‘लीलावती’ हा ग्रंथ लिहिला. भाज्याच्या वरच्या अंकापासून आरंभ करून, भाजकास ज्या संख्येने गुणले असता तो वजा जाईल ती संख्या भागाकारात घ्यावी, ही रीत त्यात सांगितली आहे. उदाहरणही फार सुबक आहे. आधी १३५ ला १२ ने गुणावयास लावून १६२० आणविले आहेत, आणि मग त्याच १६२० ला १२ ने भागावयास सांगितले आहे. गुणाकार उलटा फिरविला की भागाकार होतो, हे मुलास आपोआप उमगते. त्यापुढे एक युक्ती आहे : भाज्य व भाजक या दोहोंना एकाच संख्येने भाग जात असेल तर तो आधी लावून घ्यावा. दोहोंना तिनाने भाग लाविला की ५४० भागिले ४. चाराने लाविला की ४०५ भागिले ३. उत्तर तेच, १३५. त्या काळी फळीवर धूळ पसरून तीवर आकडे लिहीत आणि पुसत पुसत पुढे जात. या गणितास पाटीगणित असे नाव पडले. कागदावर आकडे पुसता येत नाहीत, म्हणून सगळ्या पायऱ्या एकाखाली एक लिहिण्याची आजची मांडणी पुढे रूढ झाली. इटलीत फ्लॉरेन्स येथे १४९१ साली छापलेल्या कालांद्रीच्या अंकगणितात अशी मांडणी आढळते.

मांडणीवरून आठवले. आपण वडीलधारी मंडळी भागाकार उजव्या कंसात लिहावयास शिकलो. नातवंडे, विशेषतः इंग्रजी शाळांत जाणारी, तो भाज्याच्या डोक्यावर लिहितात. आजोबा म्हणतात हे चूक. नातू म्हणतो बाईंनी असेच शिकविले आहे. आणि संध्याकाळ या वादातच जाते. माझे मत विचाराल तर हा वाद निष्कारण आहे. फ्रान्समध्ये भाजकच उजवीकडे लिहितात आणि त्यांचेही उत्तर तेच येते. किंबहुना डोक्यावर लिहिण्यात एक लाभच आहे : ज्या अंकास भाग लाविला त्याच अंकाच्या वर भागाकाराचा अंक येतो, त्यामुळे तो शतकाचा की दशकाचा हे दिसत राहते. आजोबांनी नातवाची रीत शिकून घ्यावी. वर्गात नातवाला त्याच रीतीने लिहावयाचे असते.

आता चुकांविषयी सांगतो. चौतीस वर्षांत माझा जास्तीत जास्त संबंध त्यांच्याशीच आला.

सर्वांत मोठा चोर म्हणजे मधले शून्य. आमच्या वडिलांच्या पिढीत शून्यास ‘पूज्य’ म्हणत, आणि पूज्याचा अव्हेर केला की ते कोपते, असे एक जुने शिक्षक थट्टेने म्हणत असत. आपल्या तासगावकडचेच उदाहरण घ्या. बागाईतदाराजवळ ३०६० किलो बेदाणा आहे आणि पंधरा किलोंची एक पेटी, अशा पेट्या भरावयाच्या आहेत. मूल मांडते : तीसला पंधराचा भाग दोन वेळा, बाकी काही नाही. सहा खाली उतरविला. सहाला पंधराचा भाग जात नाही. म्हणून लगेच पुढचे शून्य उतरवून साठ केले. पंधरा चोक साठ. उत्तर २४. पायऱ्या सर्व बरोबर, पाढा बरोबर, आणि उत्तर चूक! भाग गेला नाही त्या जागी शून्य मांडावयास हवे होते. खरे उत्तर २०४. अशा वेळी मुलास ‘चूक’ म्हणून वही परत देऊ नये. त्यास विचारावे, ‘बाळ, तीन हजार किलो बेदाणा चोवीस पेट्यांत मावेल का?’ शेतकऱ्याचे मूल लगेच हसते आणि स्वतःच चूक शोधू लागते.

ही चूक मुळातच होऊ नये म्हणून एक उपाय मी वर्षानुवर्षे वापरला आणि तो कधी वाया गेला नाही. भागाकार सुरू करण्यापूर्वी उत्तर किती अंकी येईल ते ठरवावे. ३०६० मध्ये पहिला भाग तीसला लागतो; त्यापुढे दोन अंक शिल्लक आहेत; म्हणजे उत्तर एक आणि दोन मिळून तीन अंकी. तितकी तीन टिंबे आधीच मांडून ठेवावीत. शेवटी एक टिंब रिकामे राहिले, तर कोठे तरी शून्य हरवले आहे हे मुलास कोणी सांगावे लागत नाही.

येथे ताळ्याविषयी दोन शब्द बोलतो, कारण पुष्कळ जाणत्या पालकांचा नवाच्या ताळ्यावर फार विश्वास असतो. अंकांची बेरीज करून नऊ टाकत जावयाचे आणि दोन्ही बाजू जुळतात का पाहावयाचे, ही रीत सुंदर आहे. परंतु वरील उदाहरणात ती लावून पाहा. २०४ ची अंकबेरीज सहा, आणि चुकलेल्या २४ चीही सहाच. म्हणजे मुले जी चूक सर्वाधिक करतात, नेमकी तीच नवाच्या ताळ्यास दिसत नाही. ६३ च्या ठिकाणी ३६ लिहिले तरी त्यास पत्ता लागत नाही. म्हणून लहान मुलांना एकच ताळा शिकवावा : भाजक गुणिले भागाकार, अधिक बाकी, बरोबर भाज्य. त्यात थोडे कष्ट पडतात, पण गुणाकाराचा सरावही होतो.

६३ आणि ३६ यांची गोष्ट मी उगीच काढली नाही. निवृत्तीनंतर नात्यातील एक पाचवीतली मुलगी मजकडे आणण्यात आली. तिच्या आईने सांगितले, ‘गुरुजी, हिला भागाकार काही केल्या येत नाही. शिकवणी लावली, वर्ष गेले. हिचे वडील म्हणतात, मुलीच्या जातीला एवढे पुरे.’ मी तिला ६६५ भागिले ७ हे उदाहरण घातले. ती मोठ्याने म्हणाली, ‘सासष्टला सातचा भाग नऊ वेळा, सात नवे त्रेसष्ट.’ आणि सासष्टाच्या खाली तिने लिहिले ३६. वजाबाकी केली, ३० उरले. सातापेक्षा मोठी बाकी पाहून ती थबकली, पेन्सिल चावू लागली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आले. तिला पाढे येत होते, वजाबाकी येत होती, बाकी भाजकापेक्षा लहान हवी हेही ठाऊक होते. भागाकाराशी तिचे काहीच भांडण नव्हते. ‘त्रेसष्ट’ या शब्दात तीन आधी ऐकू येतात, म्हणून ती तीन आधी लिहीत होती, एवढेच. वर्षभर कोणी तिला मोठ्याने बोलून उदाहरण करावयास लाविले नव्हते. केवळ उत्तरावर फुली मारली जात होती. आम्ही आठ दिवस दुसरे काही केले नाही. मी म्हणावे ‘त्रेसष्ट’, तिने म्हणावे ‘साठ आणि तीन’, आणि मग लिहावे. नवव्या दिवशी तिने ते उदाहरण सोडविले, उत्तर ९५. आज ती आठवीत आहे, आणि तिचे वडील येथे सभागृहात बसलेले आहेत. त्यांच्याकडे कोणी वळून पाहू नये.

२०१९ साली दुसरीच्या पाठ्यपुस्तकात ‘एकवीस’ याच्या जोडीने ‘वीस एक’ असे वाचन आले, तेव्हा केवढा गदारोळ झाला, किती विनोद झाले, हे आपणास आठवत असेल. त्या गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर होत्या. २०२३ मध्ये त्या निवर्तल्या. ‘गणितगप्पा’सारखी पुस्तके मुलांसाठी लिहिणाऱ्या त्या विदुषीने ही सूचना मुलांची अडचण पाहूनच केली होती. आपले जुने संख्याशब्द टाकून द्यावेत असे मला वाटत नाही. ‘अडुसष्ट’, ‘एकोणऐंशी’ हे शब्द कानाला गोड आहेत आणि बाजारात तेच चालतात. पण ज्या मुलास आकडे उलटे होतात, त्यास काही दिवस ‘साठ तीन’ म्हणू दिले तर मराठी भाषा बुडत नाही.

दोन अंकी भाजक आला की मुलांचा धीर सुटतो, कारण तेविसाचा किंवा एकोणतिसाचा पाढा पाठ नसतो. येथे अंदाज शिकवावा लागतो. १५६४ ला २३ ने भागावयाचे आहे. १५६ मध्ये २३ किती वेळा? पंधरात दोन सात वेळा जातात, म्हणून सात घेऊन पाहू. तेवीस साती एकशे एकसष्ट, जास्त झाले. एक पायरी उतरून सहा घेऊ, एकशे अडतीस, बाकी अठरा. चार उतरविले, १८४. आठ वेळा बरोबर जातात. उत्तर ६८. आता २००१ ला २९ ने भागा. येथे २९ ऐवजी ३० धरणे सोयीचे. दोनशेत तीस सहा वेळा, एकोणतीस सक एकशे चौऱ्याहत्तर, बाकी २६. एक उतरविला, २६१. यात तीस आठ वेळा जातात, एकोणतीस आठी दोनशे बत्तीस, बाकी २९. थांबा! बाकी भाजकाइतकी उरली, म्हणजे भाग आणखी एक वेळ जातो. आठाचे नऊ केले, उत्तर ६९. पहिल्या उदाहरणात अंदाज जास्त झाला, दुसऱ्यात कमी पडला; दोन्ही वेळा पाटीनेच ते सांगितले. अंदाज चुकणे म्हणजे गणित चुकणे नव्हे, हे मुलास एकदा पटले पाहिजे. खोडरबराने पान फाटेपर्यंत खोडणारी मुले मी पाहिली आहेत. त्यांना अंदाजासाठी वहीच्या कडेला जागा आखून द्यावी. त्याच जागेत भाजकाची दुप्पट, चौपट, आठपट लिहून ठेवली तर आणखी सोपे पडते. तेविसाची दुप्पट ४६, चौपट ९२. सहापट हवी तर दोन्ही मिळवा, १३८. पाढा पाठ नसल्याने काही अडत नाही.

बाकीचे काय करावयाचे, हा प्रश्न गणिताचा कमी आणि व्यवहाराचा अधिक आहे. समजा, आपल्या मंडळाची सहल निघाली, १३७ माणसे आहेत, आणि एका गाडीत चाळीस बसतात. भागाकार तीन, बाकी सतरा. गाड्या किती ठरवावयाच्या? तीन म्हणणारे मूल सतरा माणसांना स्टँडवर सोडून जाते! येथे चार गाड्या हव्यात. उलट, १३७ फुलांतून चाळीस फुलांचा एक असे हार करावयाचे असतील तर हार तीनच होतात, आणि सतरा फुले देवाला. वर्षाच्या ३६५ दिवसांना साताने भागा : ५२ आठवडे आणि बाकी एक. म्हणून यंदाचा वाढदिवस सोमवारी असला तर पुढच्या साली मंगळवारी येतो. मध्ये २९ फेब्रुवारी आला तर बुधवारी. येथे भागाकार टाकून द्यावयाचा आणि बाकीच कामाची. मोबाईलवर भागाकार करून पाहा. १३७ भागिले ४० म्हटले की तो ३.४२५ असे उत्तर देतो. सतरा माणसे त्यात कोठेच दिसत नाहीत. मोबाईल वापरू नये असे माझे म्हणणे नाही. मीही वापरतो. पण भागाकार समजल्यानंतर.

सरावाविषयी माझा अनुभव असा की, रविवारी दोन तास बसवून चाळीस उदाहरणे करून घेण्यापेक्षा रोज वीस मिनिटांत तीन उदाहरणे ताळ्यासह केलेली बरी. चौकटीची वही घ्यावी, एका चौकटीत एकच आकडा. निम्म्या चुका आकडे तिरके गेल्याने होतात. मुलाने प्रत्येक पायरी मोठ्याने बोलावी. आणि पाढे उलटे विचारावेत. संध्याकाळी आई भाकरी थापते आहे, मूल शेजारी बसले आहे. आईने विचारावे, ‘पन्नासात सात किती वेळा? उरले किती?’ सात वेळा, उरला एक. ‘तीसात आठ?’ तीन वेळा, उरले सहा. यास पाटी लागत नाही, पैसा लागत नाही, आणि आई शिकलेली असावी असेही नाही. रागावून मात्र काही होत नाही. ज्या घरात भागाकारावरून हात उगारला जातो, तेथे मूल भागाकार शिकत नाही. वही लपविण्यास शिकते.

सरावाचा कंटाळा येतो अशी तक्रार असते. त्यावर एका शिक्षकानेच औषध देऊन ठेवले आहे. देवळालीच्या शाळेत १९६२ पर्यंत शिकविणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर केवळ बी. एस्सी. होते, पण ६१७४ या संख्येमुळे त्यांचे नाव जगभर झाले. त्यांनी काही संख्यांना ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणाऱ्या, असे नाव दिले. ज्या संख्येस तिच्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो ती हर्षद. आजीचे वय ८४ असेल तर आठ आणि चार बारा, चौऱ्याऐंशीला बाराचा भाग सात वेळा, आजी हर्षद! मुलांना गाड्यांचे क्रमांक, घरांचे क्रमांक, सालांचे आकडे तपासावयास सांगा. २०२४ आणि २०२५ ही साले हर्षद आहेत. २०२६ नाही, बेरीज दहा आणि बाकी सहा. रामानुजन यांच्यामुळे प्रसिद्ध झालेली १७२९ ही संख्या हर्षद आहे : बेरीज १९, आणि भागाकार ९१. माझ्या एका वर्गातील मुले या नादाने स्वतःहून दिवसाला वीस-वीस भागाकार करीत.

शेवटी मंडळाकडे एक मागणी आहे, ती कार्यवाहांनी लिहून घ्यावी. आपले हे सभागृह लग्नसराई सोडली तर संध्याकाळी बंद असते. आठवड्यातून दोन दिवस, सहा ते सात, येथे चौथी ते सहावीच्या मुलांचा भागाकाराचा वर्ग भरावा. शिकवावयास मी आहे, आणखी दोन निवृत्त शिक्षकांनी होकार दिला आहे; शुल्क नाही. गुणगौरवास जो खर्च होतो त्याच्या दहाव्या हिश्शात वह्या आणि खडू येतील. मात्र माझी एक अट आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह सुरू केले. १९२७ साली महात्मा गांधींनी त्यास श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नाव दिले. तेथे सर्व जातींची मुले एका पंक्तीस जेवत. अशा जिल्ह्यात नोकरी केलेल्या माणसास ज्ञातीचा दाखला पाहून पाटीवर आकडा लिहिता यावयाचा नाही. शेजारच्या गल्लीतील जे मूल येईल ते बसेल. कार्यकारिणीत यावर मतभेद होईल हे मी जाणून आहे. तो तेथेच करावा, मुलांसमोर नको.

दाराशी टेबलावर बारा उदाहरणांचा एक कागद ठेवला आहे, तो प्रत्येक घराने एकेक न्यावा. पहिली चार एक अंकी भाजकाची, पुढची चार मधल्या शून्याची, शेवटची चार दोन अंकी भाजकाची. उत्तरे छापलेली नाहीत; ताळा पाहिला की उत्तर बरोबर आहे किंवा कसे ते कळते. सातव्या उदाहरणात मोठी माणसेही अडखळतात, असे माझ्या पाहण्यात आले आहे.